अर्धा, पाऊण, एक इंच

माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा कामातून जायला आला, तेव्हा आमच्या घरात खांद्याबद्दल जेवढं बोलणं झालं त्याच्या दसपट गनबद्दल झालं. गन म्हणजे चाकाचे नट खोलायची आणि आवळायची, हवेवर चालणारी, कान बधिर करणारी गन. कंपनीच्या पुस्तिकेत तिला इम्पॅक्ट रेंच म्हणतात. आमच्या रस्त्यावर कुणी असं म्हणालं तर गिऱ्हाईक नवं आहे हे लगेच कळतं.

आमचं गॅरेज कळंबोलीहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. वर पत्रा, पुढे एक लांब ट्रेलर कसाबसा उभा राहील एवढी जागा, आणि समोरून दिवसभर कंटेनरच्या गाड्या. ट्रेलरची चाकं काढायची, आतले ब्रेक नि बेअरिंग बघायचे, चाकं परत चढवायची, हे त्याचं काम. बाकीचं सगळं माझं. फोन घेणं, सामान आणणं, ड्रायव्हरांशी हुज्जत घालणं, आणि तो हात पुढे करेल तेव्हा त्यात बरोबर हवी ती गोटी ठेवणं. गोटी म्हणजे नटावर बसणारं सॉकेट. ते मला लग्नानंतर वर्षभरातच नुसत्या वजनावरून ओळखता यायला लागलं होतं.

मी पनवेल शहरातली, तो उरणच्या बाजूचा, मिठागरवाल्या घरातला. त्याच्या बोलीत गाडीची गारी होते आणि नाहीचा नाय होतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहीत नाही, पण लिहिताना 'तो'च बरा वाटतो.

स्वभावानं मी उतावळी. डॉक्टरांच्या दारात नंबर लागायच्या आधीच मी उठून उभी असते. तो शांत, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं, फक्त एक वेळ सोडून. ती वेळ कुठली ते सांगायचं तर त्याची काम करायची रीत सांगावी लागेल.

आजूबाजूच्या सगळ्या गॅरेजांत गन आल्या तरी हा पठ्ठ्या पाना आणि पाइपवर अडून राहिला. नटावर पाना बसवायचा, पान्यावर लांब पाइप घालायचा, आणि सगळं अंग त्यावर टाकायचं. नट सुटताना पाइपमधून हाताला कळतं म्हणे. चाकं चढवून झाली की तो ड्रायव्हरला सांगायचा, "फेरी मारून ये." म्हणजे पुढच्या उड्डाणपुलापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. गाडी जरा धावली की चाक नीट बसतं, आणि नट किंचित सैल होतात. परत आलं की प्रत्येक नट पुन्हा एकदा तो स्वतः ओढून बघायचा. ड्रायव्हर कितीही घाईत असो, बंदरावरून कुणीही ओरडत असो, फेरीशिवाय गाडी सुटायची नाही. मग तो ट्रॉलीवर थाप मारून एकच शब्द म्हणायचा, "जा."

आणि मग ती वेळ सुरू व्हायची. गाडी गेल्यावर आम्ही जेवायला बसायचो, म्हणजे मी बसायचे. तो एक घास घ्यायचा, उठायचा, रस्त्याच्या कडेला जाऊन उरणच्या दिशेला बघायचा, परत यायचा. जणू गाडी तिथून दिसणार होती. "बसा ना, भात निवतोय," मी रोज म्हणायचे. "व्हय," म्हणायचा आणि पुन्हा उठायचा. बंदराच्या गेटवरून ड्रायव्हरचा फोन आला, "पोचलो मिस्त्री," की मग त्याच्या घशाखाली अन्न उतरायचं. आमच्या ड्रायव्हरांना ही सवय लागली होती, बायकोला करणार नाहीत पण ह्याला फोन करायचे. मला हे सगळं नाटकी वाटायचं. नट आवळलेत ना? मग जेवा की माणसासारखे!

तर तो खांदा. एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात जाईना. त्यानं ते लपवलं आणि बनियनवर गॅरेजात गेला. मी शर्ट हातात घेऊन मागून गेले आणि चार लोकांसमोर बोलले, तेव्हा कुठे दवाखान्यात आला. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून आम्हाला दाखवला. खांद्यातला स्नायूचा दोर अर्धा तुटलेला होता. असंच ओढत राहिलात तर उरलेलाही तुटेल, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात डोक्यापर्यंत जाईल असं मी लिहून देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पाइप बंद. जड उचलणं बंद. "छोट्या गाड्यांचं काम घ्या ना," ते म्हणाले. "कामोठे, नवीन पनवेल, इमारतीखाली किती गाड्या उभ्या असतात."

रिक्षात बसल्या बसल्या तो म्हणाला,

"पाइप बंद म्हंजे काय? मंग चाक काय फुंकर मारून काढू?"

"गन घ्या," मी म्हटलं. "जग घेतंय."

"कनची?"

त्या एका प्रश्नावर आमचे पुढचे कितीतरी दिवस गेले.

गन मापानं येते. गोटी जिच्यावर बसते त्या चौकोनी दांड्याची जाडी म्हणजे तिचं माप. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. आमच्या धंद्यात अजून सुताचा हिशेब चालतो. इंचाचे आठ सूत, म्हणून अर्ध्या इंचाची ती चार सुती, पाऊणची सहा सुती. चार सुती हलकी, मिक्सर उचलावा तशी उचलता येते, पण ती मोटारींची. ट्रेलरच्या नटावर लावली तर नुसती टरटरते. एक इंची ही ट्रेलरची खरी गन. पण ती दळणाच्या भरल्या डब्याएवढी जड, दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालवायची, आणि तिला हवा एवढी लागते की आमचा जुना कॉम्प्रेसर दोन नटांतच धापा टाकेल. मधली सहा सुती. टेम्पो, बस, आणि ट्रेलरचे नट फार गंजलेले नसतील तर तेही.

मला वाटलं, सोपं आहे, मधली घ्या. त्यानं मान उडवली.

"पाऊन इंची कोनाची? ना मोट्या गारीची, ना ल्हान गारीची."

"मग अर्ध्याची घ्या. मोटारी करा."

"मी आता बिल्डिंगीखाली जाऊन चाकं बदलू?"

"मग एक इंची घ्या आणि हात तोडून घ्या!"

असं व्हायचं. मी फोनवर गनांचे व्हिडिओ बघत स्वयंपाक करायचे. कुठली किती जड, कुठली किती जोर लावते, बॅटरीची बरी की हवेची. करंजाहून आणलेले सुके बोंबील एकदा तव्यावर कोळसा झाले, कारण मी एका सरदारजीला बसचं चाक काढताना बघत होते. मला चैन पडत नव्हतं. बसले की उभं राहावंसं वाटायचं, उभी राहिले की गॅरेजात जावंसं वाटायचं, आणि गॅरेजात तो डाव्या हातानं पान्याशी झटताना दिसला की घरी पळावंसं वाटायचं. मी मापं बघत होते, पण तो मापं बघतच नव्हता. अर्धा इंच घेतला की आपण ट्रेलरचे मिस्त्री उरलो नाही, एवढंच त्याला दिसत होतं. आणि ट्रेलरशिवाय तो कोण, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. म्हणून मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते.

शेवटी शेजारच्या टायरवाल्यानं त्याची एक इंची गन वापरून बघायला दिली. त्याचा मोठा कॉम्प्रेसर, त्याची जाड नळी, सगळं आमच्या पत्र्याखाली ओढत आणलं. त्या दिवशी गाडी होती आमच्या एका जुन्या ड्रायव्हरची. हा साताऱ्याकडचा माणूस, स्वतःच्या मालकीचा ट्रेलर चालवतो, आणि इतकी वर्षं आमच्याशिवाय कुणाला चाकाला हात लावू दिला नाही. पुढचा इंजिनाचा भाग, ज्याला सगळे घोडा म्हणतात, तो त्यानं नवा घेतला होता. मागची लांब ट्रॉली जुनीच होती.

नवऱ्यानं गन पोटाशी धरली. दात आवळलेले मला दिसले. घोड्याची डाव्या बाजूची चाकं त्यानं बघता बघता खोलली. एकेका नटाला पूर्वी अंग टाकावं लागायचं, तो आता बोट दाबलं की सुटत होता. ड्रायव्हर हसला. मीही हसले. मला वाटलं, संपलं, एक इंची घेऊया, खांद्याला पट्टा बांधून लटकवूया, काहीतरी करूया. मग तो तसाच मागे ट्रॉलीच्या डाव्या चाकाशी सरकला, गोटी बसवली, आणि बोट दाबलं.

गन ओरडली. नट हलेना. त्यानं आणखी दाबलं. आतून एक कोरडा आवाज आला आणि नट गोल गोल फिरायला लागला, कारण ज्या बोल्टवर तो बसला होता तोच तुटला होता. "गंजलाय," तो म्हणाला आणि पुढच्या नटावर गेला. तोही तुटला. तिसऱ्या नटावर गोटी ठेवली आणि मग तो थांबला. गन खाली उतरवली. तिच्या पाठीवरच्या छोट्या खटक्याकडे बघत राहिला.

"उलटे आटे," तो म्हणाला.

जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरून फिरून नट सुटू नये म्हणून. नव्या गाड्यांना दोन्हीकडे सुलटेच. घोडा नवा, ट्रॉली जुनी, म्हणजे एकाच गाडीत दोन्ही तऱ्हा. आटे उलटे असले की खोलायची दिशा बदलते. गनवर तो खटका बदलायला हवा होता. तो बदलला नाही, आणि जे खोलायचं होतं ते गन सगळ्या ताकदीनं आवळत गेली.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. झोपेतसुद्धा त्यानं चूक केली नसती. म्हणून तर मी गार पडले.

ड्रायव्हर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द ऐकवले असते. त्यानं खिशातून फोन काढला आणि बंद पडद्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मी चहा पिऊन येतो वहिनी." समोर माझ्या किटलीत चहा होता, तरी रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

तुटलेले बोल्ट नवऱ्यानं ठोकून काढले, नवे बसवले. डाव्या हातानं हातोडा मारत होता. टायरवाला गन घेऊन गेला. संध्याकाळी नवरा एका जुन्या टायरवर बसला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी राहिले. मला बसवत नव्हतं.

"पाइप धरला ना," तो म्हणाला, "का उलटे आटे आले की मी पाइपच्या पलीकडं जातू. पाय आपोआप जातात. मना ध्यान ठेवावं लागलं नाय कदी. पायांना ठावं होतं." हात हवेत धरून त्यानं मला गन धरल्यासारखं दाखवलं. "ही सुलट्याला बी अशीच धरायची, उलट्याला बी अशीच. पाय जाग्यावर."

मी जमिनीवरचे तुटके बोल्ट उचलून डब्यात टाकले.

"बंद करू आता," तो म्हणाला.

मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर ते कळत नव्हतं. डॉक्टरांवर, गनवर, त्या ड्रायव्हरच्या चहावर. रात्रंदिवस ज्या माणसाला मी बसा म्हणून सांगत आले, तो आता खरंच बसला होता आणि मला ते बघवत नव्हतं. पुढचे काही दिवस आलेल्या गाड्या त्यानं सरळ टायरवाल्याकडे पाठवल्या. दुपारी मुकाट जेवायचा, एकदाही न उठता. ताट स्वच्छ. मी भात वाढून झाला तरी डाव हातात घेऊन उभीच असायचे.

त्याच दिवसांत माझी एक बांगडी हरवली. साधीच, रोजच्या वापरातली धातूची, आंघोळीला जाताना काढून ठेवली होती ती. मी सगळं घर पालथं घातलं. गादी उलटली, मोरीचं झाकण काढलं. "एका बांगरीसाठी यवरा कायला?" तो म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. दोन दिवसांनी ती आरशापाशी, जिथे मी दहादा बघितलं होतं तिथेच सापडली. मला वाटलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही.

मग एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा. बाहीत हात घालायला मदत मागितली नाही, पण घातलेला होता. "चल," म्हणाला. "कळंबोलीला. गन घ्यायची."

"कुठली?"

"चल त खरी."

लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीत हत्यारांचं एक दुकान आहे. मालक कोकणी मुसलमान, पांढरी दाढी, नवऱ्याचा जुना ओळखीचा. त्यानं दुकानाच्या दारातच लोखंडी घोडीवर एक चाकाचा हब नटांसकट बसवून ठेवलाय, गिऱ्हाइकानं गन चालवून बघावी म्हणून. आम्हाला बघून त्यानं काउंटरवर तिन्ही गन मांडल्या. अर्धा, पाऊण, एक.

"तसल्लीनं बघा मिस्त्री," तो म्हणाला. "घाई नाही. दर्द कसा आहे?"

नवऱ्यानं एकाही गनला हात लावला नाही. तो बाजूला सरकला आणि मला म्हणाला, "उचल."

"मी?"

"उचल गं."

मला वाटलं, खांदा दुखतोय, म्हणून मला वजन सांगायला लावतोय. मी आधी अर्ध्याची उचलली. एका हातात आली. त्यानं नकाराची मान हलवली. एक इंची दोन्ही हातांनी उचलली, छातीपर्यंत नेली, आणि खाली काउंटरवर अशी आदळली की दुकानदार "या अल्ला" म्हणून पुढे झाला. मग पाऊणची. जड होती. हात थरथरला. पण हबपाशी नेऊन मी ती नटाच्या उंचीवर धरली आणि ती तिथे राहिली. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मनगटाकडे बघत होता.

"कोपर पोटाला लाव," तो म्हणाला.

मी लावलं. थरथर कमी झाली.

तेव्हा त्यानं पँटच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत हातमोजे होते, गॅरेजात घालायचे, तळव्याला रबर लावलेले. त्याच्या हातात ते निम्मेसुद्धा गेले नसते. मी एक घातला. तळव्याला बरोबर, बोटांना जरा लांब.

"माप कुठून आणलंत?"

तो दुकानाच्या पाटीकडे बघायला लागला. "बांगरी नेली होती."

मला आधी हसू आलं. पनवेलच्या बाजारात हातमोजेवाल्यासमोर बायकोची बांगडी धरून उभा असलेला हा दांडगा माणूस मला स्पष्ट दिसला. पण हसू पुरतं यायच्या आत राग आला. म्हणजे मी घरात मोऱ्या उघडत होते, रात्री तळमळत होते, आणि ह्यानं सगळं ठरवून टाकलं होतं!

"मला विचारलंत का? एकदा तरी? उद्यापासून मी चाकं खोलायची हे तुम्ही परस्पर ठरवलं?"

"विचारतंय ना आता."

"दुकानात?"

"घरी विचारलं असतं त तू भांडली असतीस."

"मी इथे पण भांडतेय!"

दुकानदार आत जाऊन काहीतरी शोधायला लागला. नवऱ्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मना धंदा दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचा नाय," तो म्हणाला. "मी बंद करीन, पन दुसऱ्याला नाय देनार. तू नाय बोललीस त बंद करू. रागावनार नाय मी."

तो शांतपणे म्हणाला, पण त्याचा डावा तळवा पँटवर वर-खाली घासला जात होता. गाडी फेरीला गेली की तो असाच घासायचा. मला इतकी वर्षं वाटत होतं, ग्रीस पुसतोय.

मी दुसरा हातमोजा घातला. "सहा सुती द्या," मी दुकानदाराला आत ओरडून सांगितलं. "आणि तिच्या काळ्या गोट्या द्या. चकचकीत नकोत, गनवर त्या फुटतात."

शिकणं सोपं नव्हतं आणि मी चांगली विद्यार्थिनी नव्हते. एकदा सांगितलेलं दोनदा सांगितलं की मी गन ठेवून चहा करायला जायचे. पण एक रीत त्यानं घालून दिली आणि ती मी मोडली नाही. गन उचलायच्या आधी प्रत्येक चाकापाशी जायचं, नटाबाहेर आलेल्या आट्यांवरून बोट फिरवायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं, सुलटे किंवा उलटे. मग तो डाव्या हातानं खडूनं टायरवर बाण काढायचा, नट कुठल्या बाजूला खोलायचा त्याचा. वाकडा बाण. मी खटका त्या बाजूला करायचे. रस्त्यावरचे लोक सुरुवातीला थांबून बघायचे. बाई ओरडते, मिस्त्री बाण काढतो, असला तमाशा त्यांनी बघितला नव्हता. गंजका नट असला तर आधी पाइप घालून जरा सैल करायचा आणि मग गन. पाइपवर मी उभी राहायचे. माझं वजन प्रथमच कुणाच्या उपयोगाला आलं.

आधी मोटारी झाल्या, टेम्पो झाले, एक शाळेची बस झाली. मग तो साताऱ्याचा ड्रायव्हर आला. तोच ट्रेलर. तो उतरला, माझ्या हातातल्या गनकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, आज राहू दे, पुढच्या खेपेला बघू. तो म्हणाला, "चहा आहे का वहिनी?" आणि आमच्या बाकावर बसला.

मी चाकं खोलली. ट्रॉलीच्या डाव्या बाजूला बोट फिरवलं आणि "उलटे" असं ओरडले की टायरवाल्यानं मान बाहेर काढली. आतलं काम नवऱ्यानं केलं, ब्रेक, बेअरिंग, सगळं. चाकं चढवली, गननं नट बसवले, शेवटचा ताण पाइपवर उभं राहून दिला.

"फेरी मारून ये," नवरा म्हणाला.

ट्रेलर उड्डाणपुलाकडे गेला. मी हातमोजे काढले, घातले, परत काढले. गाडी वळून आली. नवरा उठला, सवयीनं पाइपला हात घातला, उचलला. मी तिथेच उभी राहिले, कारण त्यानं तो ओढला तर खांदा जाणार होता आणि मी अडवलं असतं तर त्याचं मन. त्यानं पाइप माझ्या हातात दिला. मी एकेक नट ओढत चाकाभोवती फिरले, मग पुढच्या चाकाला, मग पलीकडे. एकही हलला नाही. परत आले तेव्हा ड्रायव्हर वर बसून नवऱ्याकडे बघत होता, त्या एका शब्दाची वाट बघत. नवरा चाकाच्या जवळसुद्धा गेला नाही. एकाही नटाला त्यानं हात लावला नाही.

"तिला विचार," तो म्हणाला.

मी ड्रायव्हरकडे बघितलं, मग चाकांकडे. आयुष्यात मी कधी शब्दासाठी अडले नव्हते. शेवटी ट्रॉलीवर थाप मारली आणि म्हटलं, "जा."

गाडी रस्त्याला लागली. आम्ही जेवायला बसलो. भात, बोंबलाचं कालवण. मी एक घास घेतला आणि मला ती सगळी चाकं एकदम आठवली. पलीकडचा आतला नट मी ओढला होता का? ओढला होता. नक्की? भरधाव रस्त्यावर चाक सुटलं तर ते कुणाच्या अंगावर जाईल हे चाकाला ठाऊक नसतं. मी उठले, रस्त्याच्या कडेला गेले. उरणच्या दिशेला नुसती धूळ आणि कंटेनरच्या पाठी. परत आले, बसले, पुन्हा उठले. फोन बघितला. एवढ्यात कुठला फोन येणार, आता कुठे निघालाय तो.

मागे वळून बघितलं तर नवरा मांडी घालून, सगळं अंग सैल सोडून, शांतपणे जेवत होता. मी कडेला उभीच होते, तळवे साडीवर घासत.

"बस गं," तो म्हणाला. "भात निवतंय."